पत्त्यांच्या मशीनशी केलेला सौदा

मरोळच्या गाळ्याचं डिपॉझिट पुढच्या महिनाअखेरीला भरायचं होतं आणि थोडे पैसे कमी पडत होते. तोवर मी दुसऱ्यांकडून बाटल्यांची प्लास्टिकची बुचं घेऊन लोहारचाळीच्या बाजारात विकायचो. आता स्वतः बुचं बनवायची म्हणून हातमशीन आधीच घेऊन ठेवलं होतं. भांडुपच्या खोलीत ते पलंगाखाली धूळ खात होतं. जमलेल्या रकमेतला अर्धा वाटा माझ्या थोरल्या बहिणीचा होता. ती रेडिओच्या कारखान्यात माल तपासायची.

तूट भरून काढायला मी अंधेरीतल्या एका व्हिडिओ गेमच्या दुकानात पत्त्यांच्या मशीनवर बसू लागलो. टोकन टाकलं की पडद्यावर पाच पत्ते येत. हवे ते ठेवायचे, बाकीचे एकदाच बदलून घ्यायचे. कशाला किती टोकनं मिळणार, त्याचा तक्ता शेजारी लावलेला असे; जिंकलेली टोकनं गल्ल्यावर दिली की पैसे मिळत. तीन सारखे आणि दोन सारखे, म्हणजे फुल हाऊस आलं तर सहा. दुसरीकडे आठ देतात हे मला ठाऊक होतं. मी मालकाशी भांडलो.

"मशीनला काय सांगू मी?" तो म्हणाला.

मी उठलो.

"बसा शेठ. वरची दोन मी गल्ल्यातून देतो." त्याने चहाही पाजला.

सौदा जिंकला म्हणून मी खुशीत होतो. त्याच आठवड्यात चार एक्के आले, खिसा जड झाला. पुढच्या दोन आठवड्यांत ते सगळं गेलं आणि डिपॉझिटातलेही काही गेले. घरी येऊन मी त्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मशीनमध्ये गडबड आहे म्हणालो.

ताई ओरडली नाही. "रविवारी पत्ते काढ," एवढंच म्हणाली.

रविवारी दुपारी आम्ही चटईवर बसलो. टोकनांऐवजी चिंचोके, तक्ता तोच, फुल हाऊसला आठ. त्यातले माझ्या सौद्याचे दोन ती वेगळ्या बशीत टाकायला लावायची. असे तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी मी जिंकलो.

"बघ, मी सांगत नव्हतो?"

"पेटीतले वरचे पाच नग चांगले निघाले म्हणून मी सगळा माल पास करत नाही रे. पाच वाईट निघाले म्हणून परतही पाठवत नाही. पुढचा डाव वाट."

दुसऱ्या रविवारी माझा चिंचोक्यांचा डबा जवळजवळ रिकामा झाला. तिसऱ्या रविवारी थोडा भरला. पत्ते आमचेच, पिसणारी ती. कुणाची गडबड नव्हती, तरी शंभर डावांत कधी तीस वर, कधी चाळीस खाली. शेवटी तिने बशी पुढे सरकवली. तीन दुपारच्या सौद्याची कमाई माझ्या एका मुठीत मावली.

"वर-खाली केवढं झालं आणि तुझ्या घासाघिशीचं हातात आलं केवढं, बघ. बरं, दोन वाढवून देताना तो किती वेळा नाही म्हणाला?"

"एकदा."

"तू बुचांचा भाव एकदा नाही म्हणून उतरवतोस?"

जो एवढ्या पटकन उतरतो त्याच्या भावात अजून बरंच शिल्लक असतं, हे मी लोहारचाळीत उभं राहून शिकलो होतो. माझे दोन देऊनही शंभरामागे त्याचं काहीतरी उरतच होतं.

"त्याच्याकडे दिवसभर माणसं येतात," ताई म्हणाली. "आज तू जिंकलास तर उद्या दुसरा हरतो, त्याचं भरून निघतं. आपल्याकडे डिपॉझिट एकच आहे. ते खाली असताना महिना संपला तर गाळा गेला."

दुसऱ्या दिवशी उरलेले पैसे घेऊन मी मरोळला गेलो. ठरलेला गाळा मिळाला नाही. त्याच्या मागचा, अर्ध्या मापाचा आणि कमी उजेडाचा गाळा तेवढ्या पैशांत बसला.

त्या मालकाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. सौदा मला जिंकू देऊन त्याने चहा पाजला, हे जास्त लागतं. पण त्या तीन दुपारी ताईने मला एकदाही जुगारी म्हटलं नाही. माझंच डोकं वापरून मला बाहेर काढलं. असं माणूस घरात असणं हे माझं नशीब.

गाळ्याचे कागद मी दोघांच्या नावावर केले. ताई म्हणाली, "माझं नाव कशाला, तुझा धंदा." मी आवाज चढवला, तशी हसली आणि सही केली.