पावणेअकराच्या गाडीची पुस्तके

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तक मागायला गेले, की देवघेवीच्या खिडकीतले काका पुस्तकाचे नाव नंतर विचारत. आधी विचारत, "कुठल्या गाडीनं आलास?" नव्या प्राध्यापकालाही त्यातून सूट नव्हती. मी रुजू झालो त्या दिवशी मलाही विचारले. मलकापूरहून स्कूटरने आलो, असे मी सांगितले. "मग बसा जरा," काका म्हणाले. मी एकोणचाळीस मिनिटे बसलो. पुस्तक त्यांच्या हाताशीच होते.

काका उंब्रजच्या मणेरांच्या घरातले. भावाचे बांगड्यांचे दुकान, आणि काका ग्रंथालय परिचर. दोन्ही धंदे एकच, असे ते म्हणत. "बांगडी काय अन् पुस्तक काय, समोरच्याचा हात बघून द्यायचं. घाई केली की फुटतंय." त्यांच्या काळात फुटलेले, म्हणजे पाने सुटलेले, पुस्तक मी पाहिले नाही. दुपारी ते सुई-दोरा घेऊन बसत आणि बांधणी उसवलेली पुस्तके शिवत. प्राचार्यांच्या कोटाचे बटणही त्यांनी एकदा त्याच दोऱ्याने लावून दिले. कोट जुना झाला, बटण आहे.

विद्यार्थ्यांना पंधरा दिवसांनी पुस्तक परत करावे लागते. प्राध्यापकांना सत्राअखेरची मुदत असते, आणि सत्र कोणते हे प्राध्यापक आपापले ठरवतात. इतिहासाच्या सरांकडे एक ग्रंथ नऊ वर्षे होता. ग्रंथपाल मॅडमनी तीन स्मरणपत्रे पाठवली. ती तिन्ही सरांनी त्याच ग्रंथात खूण म्हणून घातली. काकांनी पत्र पाठवले नाही. ते शिक्षक खोलीत गेले आणि रिकाम्या हातांनी सरांच्या खुर्चीशेजारी उभे राहिले.

"काय काका, काही काम?"

"काम न्हाई सर. तुमचं वाचून झालं आसंल तर मी वाचीन म्हणतो."

"तुम्ही? हा ग्रंथ?"

"नऊ वर्सं तुमी सोडंना, म्हंजे लय गोड आसनार."

त्या आठवड्यात इतिहास विभागाकडून अकरा पुस्तके परत आली. मीही तपासून पाहिले. माझ्याकडे एक होते.

पुढे ग्रंथालयात सहा संगणक आले, ई-पुस्तके आली, घरबसल्या नियतकालिके वाचायची सोय झाली. काकांचा त्याला विरोध नव्हता. त्यांनी पासवर्ड एका दिवसात पाठ केला आणि मुलांकडूनही पाठ करून घेतला. चिठ्ठीवर लिहून देत नसत. "घरला गेल्यावर रेंज यायला टाकीवर चढताय, तिथं चिठ्ठी उडून गेली तर?" हे त्यांनी डोंगरातल्या एका मुलीला सांगितलेले मी ऐकले आहे. ती हसली, पण खरोखरच टाकीवर चढत होती.

काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना ग्रंथांची पडताळणी निघाली. मूल्यांकन समिती येणार होती. सुट्टीत, सर्व पुस्तके जमा असताना, प्रत्येकावर बारकोडची पट्टी चिकटवून यंत्राने मोजायचे ठरले. मी संख्याशास्त्र शिकवतो म्हणून मला पडताळणी समितीत घेतले. बाहेरून आलेल्या दोन माणसांनी चार दिवस मोजणी केली आणि सेहेचाळीस पुस्तके कमी भरली. मी पुन्हा मोजून घेतली. सेहेचाळीसच.

ग्रंथपाल मॅडम रडकुंडीला आल्या. देवघेवीची जबाबदारी काकांची. चौकशी लागली, की निवृत्तीचे कागद अडकतात आणि कधी सुटतील हे कोणी सांगू शकत नाही. मॅडम म्हणाल्या, "काका, आठवा ना हो. कुणी नेली असतील?" काका सुईत दोरा ओवत म्हणाले, "गेलेली न्हाईत." आणि पुढचे पुस्तक शिवायला घेतले.

मी यादी घरी आणली. सगळी पाठ्यपुस्तके होती. तेवीस शीर्षके, प्रत्येकी दोन प्रती. गहाळ होणारी पुस्तके इतक्या शिस्तीने गहाळ होत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी काकांना एवढेच म्हणालो. त्यांनी सुई बाजूला ठेवली.

"सर, तुमचं गणित लय वाईट."

मग त्यांनी मला मागच्या कपाटाशी नेले. तिथे जुन्या वार्षिक अहवालांचे बांधीव खंड आहेत. मी नोकरीला लागल्यापासून त्यांना कोणी हात लावलेला पाहिला नव्हता. मोजणाऱ्यांनीही पुढच्या ओळीला पट्ट्या लावल्या आणि पुढे सरकले. काकांनी चार खंड बाजूला केले. मागे दुसरी ओळ होती, सेहेचाळीस पुस्तकांची.

"साडेनवाला ग्रंथालय उघडतंय," काका म्हणाले. "उंब्रज-मलकापूरची पोरं गाड्या उडवत दारात हजर. डोंगराकडची गाडी येती पावणेअकराला, कवा सव्वाअकरालाबी. तवर कपाट रिकामं. मग त्या पोरांनी काय वाचायचं, फळा?"

"पण काका, हे नियमात नाही."

"न्हाईच की. म्हून तर चाललंय."

मी अडचणीत सापडलो. अहवालात पुस्तकांची जागा लिहिली नसती, तर आकडा जुळला नसता आणि काकांची चौकशी झाली असती. लिहिली, तर दुसरी ओळ संपली. काकांनी माझी सुटका केली. "हाय ते लिवा सर. तुमच्या हातनं दुसरं व्हायचं न्हाई."

मी लिहिले. शिवाय त्या प्रतींच्या देवघेवीच्या नोंदी काढल्या. मागच्या सत्रात त्यातले एकही पुस्तक डोंगरातल्या गावांबाहेर गेले नव्हते. तो तक्ता अहवालाला जोडला आणि शिफारस केली, की प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या दोन प्रती अकरा वाजेपर्यंत कोणालाही देऊ नयेत. बैठकीत प्राचार्यांनी काकांना बोलावले.

"काका, तुम्ही पुस्तके लपवलीत?"

"लपवून कुठं वाचाय मिळत्यात का सर? त्या पोरांनी सगळी वाचली."

चौकशी टळली. काकांना लेखी ताकीद मिळाली, ती त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. माझी शिफारस एकमताने मंजूर झाली आणि सूचनाफलकावर लागली. मला त्या दिवशी समाधान वाटले, हे नमूद करतो.

पहिल्याच सोमवारी अकराला एक मिनिट कमी असताना उंब्रज-मलकापूरची मुले रांगेत उभी होती. आतापर्यंत त्यांना त्या प्रती आहेत हेच माहीत नव्हते. फलकाने ते सांगितले. संगणकाने अकराच्या ठोक्याला प्रती खुल्या केल्या. डोंगराकडची गाडी त्या दिवशी अकरा वाजून बारा मिनिटांनी आली. वेळेऐवजी गाडीवर नियम करता येईल का, असे मी मॅडमना विचारले. संगणकात तशी सोय नव्हती.

काका आठ दिवस माझ्याशी कामापुरते बोलले. नवव्या दिवशी चहाला बोलावले. "तुमी वाईट केलं न्हाई सर," ते म्हणाले. "कागदावर आणलं, येवढंच."

निवृत्तीच्या समारंभात त्यांना शाल दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितले. "पुस्तकं वापरा," ते म्हणाले आणि बसले. मोजून दोनच झाले.

प्राध्यापकाला एका वेळी पंधरा पुस्तके मिळतात. माझ्या विषयाची चार पुरतात. या सत्राच्या पहिल्या दिवशी मी साडेनऊला ग्रंथालयात गेलो आणि पहिल्या रांगेच्या आधी उरलेली अकरा काढली. वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, असे. ती माझ्या टेबलावर असतात आणि डोंगरातली मुले येऊन नेतात, आणतात. मॅडमनी विचारले, "सर, तुम्हाला वनस्पतिशास्त्र कशाला?" मी म्हणालो, "वाचायला." नोकरीतले हे माझे पहिले खोटे. त्या संध्याकाळी मी काकांना फोन करून ते सांगितले.

"किती काढली?"

"अकरा."

"त्यातलं वाचता का एखादं?"

"नाही."

"वाचा सर. कुनी इचारलं तर सापडाल."

वनस्पतिशास्त्र तीन वाजता परत येते, तेव्हा मी ते वाचतो. मूळ आणि खोड झाले. सध्या पानावर आहे.