एकाच खोलीची सहा दारं

ओळंब्याने वीस वर्षं भिंतींना गिलावा केला. कंबर गेली तेव्हा मिस्त्रीकाम सुटलं आणि तो जागांचे फोटो काढणाऱ्या एका कंपनीत लागला. खोलीच्या मधोमध तिपाई उभी करायची, कॅमेरा फिरवत चारी बाजू टिपायच्या, मग संगणकावर त्या एकमेकींना जोडायच्या. गिऱ्हाईक घरबसल्या फोनवर बोट फिरवून छत बघतं, फरशी बघतं, दारावरच्या बाणाला बोट लावलं की पुढच्या खोलीत जातं. तिपाई तिरपी असली तर जोडताना भिंत तुटते. म्हणून हा तिपाईखाली गवंड्यांचा ओळंबा, दोरीला बांधलेलं वजन, सोडायचा. सोबतचे हसायचे. नाव तिथूनच पडलं.

एका वृद्धाश्रमाचं काम आलं. सहा खोल्या. पहिलीला ताजा रंग, नवी चादर, खिडकीत कुंडी. ती पाहुण्यांना दाखवायची. बाकीच्या पाचांत माणसं राहत होती. चौथीचं दार उघडलं आणि मुताचा भपकारा नाकात शिरला. गादी मधोमध पिवळी पडून कडक झालेली. भिंतीला कमरेपर्यंत ओल, आणि ती न सुकवताच वरून रंग फासलेला. वासापेक्षा त्या रंगाची त्याला जास्त किळस आली. पलंगावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "मी फोटोत येऊ का नको?"

"बसा तसेच."

सहाही खोल्या त्याने नीट टिपल्या, नीट जोडल्या. कंपनीच्या मालकाने बघितल्या आणि आश्रम चालवणाऱ्या बाईंचा निरोप सांगितला, "सगळ्या दारांचे बाण पहिल्या खोलीत सोड. खोल्या काय, एका मापाच्याच आहेत."

"मापाच्या आहेत. राहायच्या नाहीत."

"तुला कुठे राहायचंय?"

दहा मिनिटांचं काम. त्याने केलं. दुपारी हात दोनदा धुतले, तरी डबा न उघडताच घरी नेला.

महिन्याभराने भाचा घरी आला. सोबत त्याची आई, म्हणजे ओळंब्याची थोरली बहीण.

"मामा, आईची सोय झाली. सोमवारी सोडतो. चार नंबरची खोली, नुकतीच रिकामी झालीय. काम तुमच्या कंपनीचं आहे म्हटल्यावर मी जाऊन बघितलंसुद्धा नाही." त्याने फोन पुढे धरला.

अक्का कौतुकाने त्यात डोकावली. "या कुंडीला पाणी कोण घालतं रे?"

ओळंब्याला थुंकावंसं वाटलं. भाच्यावर की स्वतःवर, ते कळेना.

"ही चौथी नव्हे," तो म्हणाला. "सगळी दारं एकाच खोलीत उघडतात. बाण मीच फिरवलेत."

भाचा हसला. "आईला पाठवू नये म्हणून सांगताय ना? मग तुम्ही सांभाळा."

ओळंब्याने भोवती बघितलं. घर दोन खोल्यांचं, बायको दिवसभर कामावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळे बाण आपापल्या खोल्यांत नेऊन सोडले. दुपारी बाईंचा फोन आला, तासाभरात मालकाने त्याला कामावरून काढून घरी पाठवलं. तो तडक भाच्याकडे गेला.

"आता उघड चौथी."

भाच्याने बोट फिरवलं. भिंत बघितली, गादी बघितली, पलंगावरचा म्हातारा बघितला. बराच वेळ बघितलं. अक्काही त्याच्या खांद्यावरून बघत होती.

"गादी बदलून मागू," भाचा म्हणाला. "बाकी ठीक आहे."

त्या ओल्या भिंतीचीही ओळंब्याला इतकी शिसारी आली नव्हती.

"अक्का, कपडे भर. माझ्याकडे चल."

"बायकोला विचारलंस?"

"विचारतो."

"आधी विचार. इथे मला न विचारता ठरलं, तिथे तिला न विचारता नको."

तो जिन्यात गेला आणि बायकोला फोन लावला. सगळं सांगितलं, नोकरीचंही.

"आणा त्यांना," ती म्हणाली. "पण दिवसा त्यांचं अंग पुसणं, धुणं, सगळं तुम्ही करायचं. मी संध्याकाळी आल्यावर बघणार. नीट केलंय का ते."