चिठ्ठी नसलेला डाग

हॉटेलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात ती बत्तीस वर्षं डाग काढते. सगळ्यांसाठी ती डागमावशी. चादरीकडे बघून ती पाहुण्याचं चरित्र सांगू शकते, पण सांगत नाही. तेवढी शक्ती उरत नाही.

नियम तिचाच: डाग दिसला की आधी कापडाला चिठ्ठी टाचायची, कसला डाग, कधीचा, मग पाणी. चिठ्ठीशिवाय धुतलेला डाग पुन्हा उगवला की सगळे एकमेकांची तोंडं बघतात. रक्ताला गार पाणी. गरम घातलं की ते कायमचं मुक्कामाला राहतं.

तिची पाळी बंद होऊन आठ वर्षं झाली. तेव्हा येणारा घाम पाळी जाण्याचा की बॉयलरचा, याचा निवाडा शेवटपर्यंत झाला नाही. नवऱ्याने त्या काळात पंखा तिच्याकडे वळवला होता. त्याचा उल्लेख तो अजून करतो.

मग एका सोमवारी स्वतःच्या कपड्यावर तिला नखाएवढा डाग दिसला. हात आपोआप गार पाण्यात गेले. चार मिनिटांत कपडा स्वच्छ झाला आणि विषयही मिटला. दीड महिन्यात असं तीनदा झालं. पहिल्यांदा तिने दोष जड बादलीला दिला, दुसऱ्यांदा उकाड्याला. तिसऱ्यांदा दोष द्यायचाही कंटाळा आला.

चौथ्यांदा डाग कामावर असतानाच पडला. बॉयलरमागे वाळत घातलेला कपडा शेजारच्या टेबलावरच्या इस्त्रीवालीने पाहिला. अठरा वर्षांच्या शेजारात लपवण्यासारखं फार उरत नाही. डागमावशी म्हणाली, चुकून आली असेल पाळी.

इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली. "आठ वर्षांनी दारात कुणी आलं तर आधी विचारशील ना, बाबा तू कोण? का सरळ त्याच्या आंघोळीचं पाणी काढशील?"

"दमलेय गं. आता परत दवाखाना, रांग, तपासण्या."

"मग दमलेलीच जा. ताजीतवानी होऊन जाणार असशील तर या जन्मी नंबर लागायचा नाही."

ती दमलेलीच गेली. डॉक्टरीण तिच्या सुनेच्या वयाची. किती वेळा, कोणत्या तारखांना, केवढं, असं एकेक विचारत गेली. परक्यांच्या चादरींवर बत्तीस वर्षं चिठ्ठ्या टाचणाऱ्या बाईला स्वतःची एक तारीख सांगता येईना. डॉक्टरणीने समजावलं की पाळी जाऊन वर्ष उलटलं की त्यानंतरचं रक्त पाळीचं धरायचं नसतं, मग ते थेंबभर का असेना. बहुतेकदा वयाने आतलं अस्तर पातळ झालेलं असतं. कधी गाठ असते, कधी कर्करोग. नुसतं बघून कळत नाही, तपासावंच लागतं.

"म्हणजे धुवायचं नाही?"

"धुवा की, मावशी. पण आधी लिहून ठेवा."

स्वतःचाच नियम दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिने मान खाली घातली.

सोनोग्राफी झाली, आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला. आठ दिवस तिने चादरींकडे फारसं निरखून पाहिलं नाही. रिपोर्टात कर्करोग सापडला नाही, पण अस्तराच्या पेशी त्या वाटेला लागल्या होत्या. गर्भाशय काढलेलं बरं, डॉक्टरीण म्हणाली, वेळेत आलात. डागमावशीला आनंद झाला असावा, पण तो चेहऱ्यापर्यंत पोचला नाही. किती दिवस वजन उचलायचं नाही, एवढंच तिने विचारलं. सहा आठवडे, हे ऐकून मात्र चेहरा जरा सैल झाला.

रजेच्या आदल्या दिवशी तिने बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत एक चिठ्ठी टाचली: 'पाळी गेल्यानंतरचा डाग. तारीख लिहा. मग धुवा. त्याच आठवड्यात दवाखाना.' संध्याकाळी ती चपला घालत असताना झाडूवाली जवळ येऊन घुटमळली. एकदाच झालं असेल तर, आणि तेही मागल्या वर्षी, असं तिने भिंतीकडे बघत विचारलं.

"एकदाच झालं तरी," डागमावशी म्हणाली. एक चप्पल घालून झाली होती. ती तिने काढली आणि पुन्हा बाकावर बसली.