व्हय म्हाराजा

तांडेल कुणाच्याही दारात आला की आधी डोक्यावरची टोपी काढायचा. इथे आखातात, अल हिलाल भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याची खोली माझ्या खोलीला लागून. साधी चहापत्ती मागायला आला तरी टोपी हातात घेऊन दारालगत मांडी घालणार, पुढ्यात एखादं केळं नाहीतर बिस्किटाचा पुडा ठेवणार आणि मग कामाचं बोलणार. "मोकळ्या हातान कोणाच्या गावात जाव नये, मास्तरानू," हे ठरलेलं. ही रीत त्याने फिजीहून आणली होती. ती बघून माझं डोकं फिरायचं, कारण फिजीला खरं तर मी जायला हवं होतं.

मी सांगलीकडचा, बोटींच्या कंपनीत कारकून. तांडेल मालवणचा, त्याच कंपनीत बोटीवर खलाशी. मी त्याचे इंग्रजी फॉर्म भरून द्यायचो, म्हणून मास्तर. फिजीची बेटं मला वर्षानुवर्षांची पाठ होती. जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर दुसरं काही बघतच नसे. आमच्या मालकांची शिडाची बोट तिथे होती आणि सहा आठवडे बेटाबेटांतून फिरायला त्यांना इथला एक माणूस हवा होता. दोघांचेही अर्ज मीच लिहिले. मालकांनी एवढंच विचारलं, पोहता येतं का? मी म्हणालो, शिकेन. तांडेलला प्रश्न कळला नाही. मी तो त्याला मराठीत सांगितला, तर तो हसायलाच लागला. मालकही हसले, आणि तिथेच निवड झाली.

जाण्याआधी तो माझ्याकडेच शिकवणीला बसला. मी सांगितलं, गावात टोपी घालायची नाही, गुडघे झाकायचे, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, आणि ज्यांचं कावा नावाचं पेय करतात त्या मुळ्यांची जुडी आधी गावच्या प्रमुखापुढे ठेवायची. जुडी ठेवताना आपण कोण, कशासाठी आलो, हे सगळ्या गावासमोर बोलावं लागतं. हे मला पक्कं ठाऊक होतं, पण मी सांगितलं नाही. जळफळाट झाला होता नुसता. म्हटलं, होऊ दे फजिती.

परत आल्यावर त्याने सगळ्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. चटया अंथरलेलं मोठं घर, समोर म्हातारा प्रमुख, दोन्ही बाजूंना गाव. जुडी तांडेलच्या हातात, म्हणून बोटीच्या कप्तानाने त्यालाच पुढे केलं आणि बोल म्हणाला. तांडेल गडबडला. मग हात जोडून त्याने आपल्या ग्रामदेवतेपुढे घालतात तसं चक्क गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही लेकरा दर्यातसून तुझ्या दारात इली आसत..."

गावाकडे गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, म्हणून तो थांबला. तिथे ते कुणाला ठाऊक? मग त्याने स्वतःच म्हटलं. पुढच्या वाक्याला दोन पोरी म्हणाल्या. चौथ्या वाक्याला अख्खं घर म्हणत होतं. आमच्या खोलीत सगळे पोट धरून हसले, मी दातओठ खात बसलो. तेवढ्यात मोबाइलमधला तांडेल म्हणाला, "माझ्या मास्तराक ह्या दर्याची लय हौस आसा. तेका एकदा हय घेवन ये रे म्हाराजा." आणि ज्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं ते सगळे माझ्यासाठी 'व्हय म्हाराजा' म्हणाले.

"ह्या एक सांगूक तुमी इसारलात," तो मला एवढंच म्हणाला.

गेल्या वर्षी तो कायमचा मालवणला निघाला. त्याचं सामान बांधून झाल्यावर मी त्याच्या दारात टोपी काढली, आत मांडी घातली, बिस्किटाचा पुडा पुढे ठेवला आणि खरं काय ते सांगून टाकलं. त्याने पुडा फोडून पहिलं बिस्किट मला दिलं.

"माका ठावक हुता, मास्तरानू. थय उबो रवलंय तेवाच कळला. तुमी काय इसारनारे नाय."

म्हणजे कळल्यावरही त्याने ते माझ्यासाठी मागितलं होतं. खाली टॅक्सी आली, तशी मी त्याची बॅग उचलली. पोहायला मी त्यानंतर शिकलो. त्याचा हेवा मात्र अजून वाटतो.