आधी गाव विचारायचं

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ड्रॉवरमध्ये रबरबँड साठतात तसे साठतात, आणि एक काढायला जावं तर चार हाताला येतात. आमचे बहुतेक प्रवासातले. अंबरनाथ एमआयडीसीतली आमची केमिकल कंपनी वर्षातून एकदा आम्हाला ट्रिपला सोडते, आणि त्यात काही ना काही बिघडतंच. निस्तरायला गायकवाड मॅडम असतात.

मॅडम लॅबला, मी मेन्टेनन्सला. त्या बदलापूरला आईसोबत राहतात. आईंची नजर कमी होत चालली होती. ती पार जायच्या आत त्यांना एकदा बोधगयेला जाऊन बोधिवृक्ष बघायचा होता. हे सगळ्या डिपार्टमेंटला माहीत होतं. ट्रिपच्या मीटिंगला मॅडम दर वर्षी बोधगया सुचवायच्या, आणि दर वर्षी आम्ही सर्वानुमते महाबळेश्वर नाहीतर वेरूळ पास करायचो.

मॅडमची तक्रारीची पद्धत ठरलेली. आवाज चढवायचा नाही, आणि आधी समोरच्याला गाव विचारायचं. माझी पद्धत म्हणजे आधी ओरडायचं, मग विषय काय आहे ते बघायचं.

*

एकदा स्टेशनहून कंपनीत जाताना शेअर रिक्षावाल्याने आम्हाला मध्येच उतरायला सांगितलं. त्याला लांबचं भाडं मिळालं होतं. मी त्याचं लायसन्स, परमिट, संस्कार सगळं काढलं. तो म्हणाला, "काका, बीपी वाढेल."

मॅडम आतच बसून राहिल्या. "दादा, गाव कुठलं?"

"जालना."

"गावी कोण असतं?"

"आई."

"लावा बरं फोन तिला. सांगते, मुलगा फार कष्टाळू आहे तुमचा. फक्त बायामाणसांना भर उन्हात रस्त्यात उतरवतो, बाकी काही तक्रार नाही."

रिक्षा कंपनीच्या गेटच्या आत येऊन थांबली. सिक्युरिटीवाला ओरडला, पण तो जालन्याचा माणूस तरी काय करणार.

*

महाबळेश्वरच्या हॉटेलात गरम पाणी नव्हतं. मी सकाळीच काउंटरवर जाऊन मॅनेजरला झापलं. मॅनेजर म्हणाला, "बघतो." दुपारपर्यंत तो बघतच होता.

मग मॅडम गेल्या. गाव विचारलं, मुलं विचारली, हवापाणी विचारलं. आणि सहज म्हणाल्या, "तुमची झाली का हो अंघोळ?"

"झाली ना."

"गरम पाण्याने?"

तो बेसावध होता. हो म्हणून गेला.

अर्ध्या तासात आम्ही सगळे टॉवेल खांद्यावर टाकून हॉटेलच्या मागे, मॅनेजरच्या घरासमोर रांगेत उभे. त्याच्या बायकोने सगळ्यांना पोहेसुद्धा केले. माझ्या पोह्यांत शेंगदाणे नव्हते. मी विचारायला गेलो नाही.

*

मग मलाही वाटलं, आपण करून बघू. वेरूळला जाताना बसचा एसी बंद पडला. मी ड्रायव्हरजवळ गेलो, आवाज एकदम साखरेत घोळवला आणि म्हणालो, "दादा, गाव कुठलं?"

गाव माझ्या सासुरवाडीचं निघालं. आडनाव विचारलं तर तो माझ्या बायकोचा चुलतभाऊ निघाला. आता मेव्हण्याकडे तक्रार करायची सोय असते का? उलट त्यालाच मी चहा पाजला. वर चहाच्या टपरीत पंखा नाही म्हणून त्याने कुरकुर केली, तीही ऐकून घेतली.

एसी शेवटपर्यंत बंदच राहिला. माझ्या पुतण्याचं मात्र त्याच्या मुलीशी जमलं.

*

शेवटी एका वर्षी मॅडमने कंपनीचा नाद सोडला. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका टूरवाल्याकडे स्वतःचं आणि आईंचं बुकिंग केलं. हे कळल्यावर आम्हीही चारपाच जण गेलो. टूर मॅनेजर हरेश, चाळिशीचा, हातात कायम वेळापत्रक.

गाडी गयेला फारच उशिरा पोचली. स्टेशनबाहेर बसमध्ये बसल्यावर हरेशने माइक घेतला. "सॉरी लोग, बोधगया कॅन्सल. आता डायरेक्ट वाराणसी. तिथली सगळी बुकिंग झालीयेत."

आई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी पदर तेवढा सारखा केला. माझ्या घशाशी शिवी आली होती, पण मॅडम आधीच उठल्या होत्या.

"हरेशभाई, गाव कुठलं तुमचं?"

"गाव उधर पाकिस्तानात राहिलं, मॅडम. दादाजी सिंधमधून आले, सीधा कॅम्पमध्ये. मी नाही बघितलं. आगे बोलो."

मॅडमकडे पुढचा प्रश्नच नव्हता. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा तसं पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात आई सीटचा आधार घेत पुढे आल्या. "बाळा, उशीर झाला त्यात तुझा काय दोष? एवढंच सांग, ते झाड कुठल्या बाजूला? मी इथूनच हात जोडते."

हरेशने बोट दाखवलं.

"बोट नाही रे दिसत मला. तूच तिकडे तोंड करून दे."

हरेशने त्यांना खाली उतरवलं आणि दोन्ही खांदे धरून हळूच वळवलं. आईंनी हात जोडले. "बरोबर आहे ना रे? नीट बघ हं. परत येणं काही होणार नाही."

हरेशने वेळापत्रकाची घडी करून ते खिशात टाकलं. मग ड्रायव्हरला म्हणाला, "बोधगया घे. वाराणसीचं मी बघतो."

बोधगयेला आम्ही सगळे आत गेलो. हरेश गेटवरच थांबला, फोनवर हॉटेलवाल्याच्या हातापाया पडत. आई बोधिवृक्षाखाली बसल्या. मान वर करून किती तरी वेळ बघत होत्या. काय आणि किती दिसलं, ते विचारायची हिंमत कोणाला झाली नाही.

बाहेर आल्यावर त्या मॅडमचा हात धरून थेट हरेशपाशी गेल्या. "बाळा, एक तक्रार आहे."

हरेशने फोन ठेवला. "बोला, माताजी."

"सगळ्यांना आणलंस आणि स्वतः दारातच राहिलास. असं असतं का? चल, मी दाखवते तुला."

हरेशने घड्याळ बघितलं. बसकडे बघितलं. मग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.