समोरासमोर

आमच्या ह्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. 'पाळणेवाले' म्हटलं की ते ओ देतात. गावोगावच्या जत्रांत आमचा आकाशपाळणा लागतो. पेरणीआधी नदीकाठची जत्रा, पीक घरात आलं की टेकडीवरची, थंडीत दिव्यांची. लोक सणाला घरी येतात, आम्ही सणाला घर सोडतो.

ह्यांचा नियम एकच. चाकावरचे पाळणे समोरासमोर भरायचे आणि रिकामेही समोरासमोरच करायचे. नाहीतर जड बाजू हिसका देऊन खाली येते. कुठे गिऱ्हाईक कमी पडलं, की तिथे आमची पोर बसायची. "वजनाला वजन आणि पोरीची मजा," हे म्हणायचे. मी मात्र जन्मात त्यात बसले नव्हते. माझ्या जाडीवरून हे चिडवायचे, "तू बसलीस तर समोर अख्खं गाव बसवावं लागेल!" मी म्हणायचे, "बसते माझी चप्पल!"

टेकडीवरच्या जत्रेत भर दुपारी इंजिनाचा पट्टा तुटला. सगळे पाळणे भरलेले, वारा सुटलेला, आणि पोर अगदी वर, दोन अनोळखी बायकांच्या मध्ये.

मी तिकिटांची पेटी टाकून धावले. "अहो, आधी तिला उतरवा!"

"तिचा नंबर आला की येईल." हे ब्रेकच्या दांड्यावर सगळं अंग टाकून उभे होते. "आधी तिला काढली तर बाकीच्यांचं काय?"

अस्सा संताप आला! बाप आहे की कसाई, असं तोंडावर आलं होतं माझ्या.

गडी हातांनी चाक फिरवत होते. खालचा पाळणा रिकामा झाला. आता त्याच्या समोरचा खाली आणायचा, तेवढ्यात शेजारच्या पाळण्यातल्या एका गृहस्थाने आडवी दांडी सरकवली आणि बायकोपोरांना घेऊन खाली उडी मारली. हे ओरडेपर्यंत ते गर्दीत पसार. खालचे दोन पाळणे रिकामे, वरचे भरलेले. चाकाने हिसका दिला. ब्रेकचं लाकूड करकरलं, धूर निघाला. वरून पोर किंचाळली, "आई!"

गड्यांनी चाक सोडलं असतं तर संपलंच होतं. बघे तर मागेच सरकले.

"अगं, बस त्यात!" हे ओरडले. "तूच बस!"

ही चेष्टा नव्हती. देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि बसले. करकर थांबली. मी हळूहळू वर निघाले, पोर खाली.

डोळे उघडले तेव्हा पोर जमिनीवर होती. बापाने तिला जवळसुद्धा घेतलं नाही. नजर पुढच्या पाळण्यावर, गालावरून पाणी वाहतंय, आणि पुसायला हात मोकळा नाही.

"आई, दांडी घट्ट धर! खाली बघू नकोस!" पोर खालून ओरडत होती. दर जत्रेत मी तिला हेच ओरडून सांगायचे. त्याने काडीचाही धीर येत नाही, हे मला वर बसल्यावर कळलं. मजा कसली, पोर प्रत्येक वेळी भीत होती.

सगळ्यांत शेवटी मी उतरले.

पुढच्या जत्रेला ट्रकमधून सामान उतरवताना वाळूचं एक पोतं निघालं. पोरीच्या वजनाचं. त्याचं तोंड ह्यांनी स्वतः शिवलं होतं.