पॅन्ट्रीला दोन कुलुपं

नोएडातल्या आमच्या हॉस्टेलच्या मजल्यावर सगळ्यांची मिळून एकच पॅन्ट्री, म्हणजे छोटं स्वयंपाकघर होतं, आणि अंड्यांवरून मजल्यात फूट पडली होती. शाकाहारी तीसजणी, बाकीच्या नऊ. आमचं घर माळकरी, म्हणून मीही तिसांतच. मजल्याची प्रतिनिधीही मीच. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लोकशाही म्हणजे मतदान, एवढंच मला पक्कं ठाऊक होतं. मी मतदान घेतलं. अंडी बंद झाली. मला वाटलं, सुटलं.

नऊजणी खोलीतल्या चहाच्या किटल्यांमध्ये अंडी उकडू लागल्या. चौथ्या दिवशी अख्ख्या मजल्याची वीज गेली. वॉर्डननी पॅन्ट्रीला कुलूप ठोकलं. "संडे तक आपस में तय करो, नहीं तो स्टोअररूम बना दूँगी."

त्याच आठवड्यात वर्गात सत्तावाटप शिकवत होते. मॅडमनी विचारलं, "जो गट दर वेळी हरणारच आहे, त्याने मतदान का मानावं?" मी वहीत डोकं घातलं. मला त्या नऊजणीच दिसत होत्या.

पप्पा फौजेत, दिल्ली कॅन्टला. फोनवर हे ऐकून म्हणाले, "अगं, आमच्याकडे काही खोल्यांना दोन कुलुपं असतात. चाव्या दोघांकडे. एकट्याला उघडताच येत नाही."

शनिवारी मी सगळ्यांना बोलावलं. कागदावर लिहून आणलेला प्रस्ताव वाचून दाखवला. दोन कुलुपं, दोन्हीकडच्या एकेकीकडे चावी. अंड्यांची भांडी वेगळी, वेळ सकाळी सात ते आठ. नियम बदलायचा तर दोघींची सही.

"आ गई संविधानवाली!" तिसांतली एक म्हणाली आणि नऊमधल्या आपल्या रूममेटकडे बोट दाखवलं. "और ये सोती रह गई तो हमारी चाय?"

"तो जगा देना, यार," ती रूममेट म्हणाली. "वैसे भी तेरे खर्राटों से मैं रोज़ उठती हूँ."

सगळ्या हसल्या. मतदानानंतर पहिल्यांदाच. चाव्या याच दोघींकडे गेल्या.

रविवारी वॉर्डननी आमचा कागद दोनदा वाचला आणि दुसरं कुलूप स्वतःच आणून दिलं.

पुढच्या महिन्यात परीक्षा आल्या. नऊजणींनी अंड्यांची वेळ नऊपर्यंत मागितली. सवयीने मी मतदानासाठी कागदाच्या चिठ्ठ्या करायला घेतल्या आणि थांबले. नवी वेळ लिहिलेला कागद तिसांतल्या चावीवालीपुढे ठेवला.

तिने तो वाचला. "नौ क्यों? साढ़े नौ लिख. एग्ज़ाम में कौन जल्दी उठता है?"

तिने सही केली, दुसरीनेही केली. मी कॉरिडॉरच्या टोकाला गेले, कुणी बघत नाही याची खात्री केली आणि चक्क उडी मारली.